यकृत प्रत्यारोपणाच्या यादीत नाव आहे, फोन कधी येईल ठाऊक नाही: तोवर घरी काय करायचं?

इंदूरच्या सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. तो थोडक्यात असा: यजमान 53 वर्षांचे, मधुमेह जुना, दारूला कधी हात लावला नाही, तरी लिव्हर सिरॉसिस (यकृत आकसून कायमचं निकामी होत जाणं) झाला, आणि लोक संशयाने विचारतात. मृत दात्याकडून मिळणाऱ्या यकृतासाठी मुंबईच्या एका रुग्णालयात नाव नोंदवलंय. मेल्ड स्कोअर (यकृताचा आजार किती गंभीर आहे ते सांगणारा आकडा, जितका जास्त तितका आजार गंभीर) 19 आहे. पोटात पाणी होतं, रात्री अंगाला खाज सुटते, दिवसा झोप आणि रात्री जाग असा उलटा प्रकार झालाय. मधूनच एकदम चिडतात आणि नंतर काय बोललो ते त्यांना आठवत नाही. धाकट्या दिरांनी यकृताचा भाग द्यायची तयारी दाखवली, पण तपासणीत त्यांचंच लिव्हर फॅटी निघालं. नातेवाईक सांगतात, डाळ-पनीर बंद करा. मुंबईला घर भाड्याने घेऊन राहावं का, हाही प्रश्न आहे. आणि शेवटी त्या लिहितात, "प्रत्येक फोनला छातीत धस्स होतं. किती दिवस असं नुसतं बसून राहायचं?"

ताई, मी इंदूरलाच यकृताचे रुग्ण पाहतो. प्रत्यारोपणासाठी मुंबई, अहमदाबाद, दिल्लीला नाव घातलेल्या रुग्णांची मधली सगळी देखभाल आमच्यासारख्यांकडेच असते. त्या कामातून जे कळलं ते लिहितो. यजमानांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, म्हणून कुठल्याही गोळीचा डोस हे वाचून बदलू नका. किडनी कशी आहे, सोडियम किती आहे, एंडोस्कोपीत काय दिसलं, यावर पुष्कळ गोष्टी अवलंबून असतात.

फोन कधी येईल हे ना तुमच्या हातात आहे, ना मुंबईच्या डॉक्टरांच्या. पण फोन येईल त्या दिवशी यजमान एवढं मोठं ऑपरेशन झेपण्याच्या अवस्थेत असतील की नाही, हे बऱ्याच अंशी तुमच्या स्वयंपाकघरात आणि त्यांच्या रोजच्या दिनक्रमात ठरतं. यकृत उपलब्ध झालं आणि नेमका त्याच आठवड्यात रुग्णाच्या पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग, किंवा अंगावर मांसच उरलेलं नाही, म्हणून ते यकृत दुसऱ्याला द्यावं लागतं, असं घडतं. तुम्ही आज जे कराल त्याचा उपयोग त्या दिवशी होणार आहे. म्हणून या काळाला मी उपचाराचाच काळ समजतो आणि तुम्हीही तसंच समजा.

आधी "कधी" या प्रश्नाचं बघू. तो टाळला तर मन त्यातच अडकून राहतं. मृत दात्याचं यकृत देताना रक्तगट जुळावा लागतो, यकृताचा आकार शरीराला बसावा लागतो, आणि त्या राज्याच्या वाटपाच्या नियमांप्रमाणे पाळी ठरते. काही दिवसांत यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णाला तातडीचं म्हणून आधी जागा मिळते. आपल्या देशात बहुतेक यकृत प्रत्यारोपणं घरच्या जिवंत दात्याकडून होतात, मृत दात्यांचं प्रमाण अजून फार कमी आहे. त्यामुळे यादीतला क्रमांक कळला तरी त्यावरून महिना सांगता येत नाही. एखाद्याला पंधरवड्यात फोन येतो, एखाद्याला वर्ष उलटून जातं. यादीतल्या प्रत्येकाला यकृत मिळतंच असंही नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण तुम्ही सरळ विचारलंय.

मात्र ज्यांची उत्तरं नक्की मिळतात असे काही प्रश्न आहेत. ते मुंबईच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला विचारा. नोंदणी पक्की झाली का आणि तिचा क्रमांक कोणता? या रक्तगटाच्या आमच्यासारख्या रुग्णाला तुमच्याकडे साधारण किती थांबावं लागलंय? रक्ताचे रिपोर्ट किती दिवसांनी पाठवायचे? ते जुने झाले तर नाव तात्पुरतं थांबवलं जातं का? फोन आल्यावर किती तासांत पोचायला हवं? या शेवटच्या उत्तरावर मुंबईला राहायला जाण्याचा निर्णय ठरतो. दात्याच्या शरीरातून काढलेलं यकृत बर्फात साधारण आठ ते बारा तासच चांगलं राहतं, म्हणून निरोप आला की हातात थोडेच तास असतात. इंदूरहून मुंबई रस्त्याने दहा-बारा तास, अवंतिका एक्स्प्रेसने अख्खी रात्र आणि विमानाने सव्वा-दीड तास. तेव्हा सकाळची पहिली आणि रात्रीची शेवटची फ्लाइट कोणती हे माहीत हवं, आणि विमान नसेल त्या वेळी लगेच निघेल अशी एक गाडी आणि ड्रायव्हर ठरलेला हवा. स्कोअर 19 असताना घर बंद करून मुंबईत भाडं भरत बसण्याचा सल्ला मी सहसा देत नाही. पैसा आटतो, रुग्ण आपल्या माणसांपासून तुटतो, आणि सोबतच्या माणसाची नोकरी जाते. स्कोअर चढायला लागला, वारंवार ॲडमिट व्हावं लागलं, किंवा तिथल्या टीमने स्वतः सांगितलं, तर गोष्ट वेगळी. ठाणे-डोंबिवलीकडे कुणी जवळचं असेल तर त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेवा.

मेल्ड स्कोअरबद्दल एक गैरसमज फार दिसतो. बिलिरुबिन (कावीळ दाखवणारं), क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) आणि सुधारित पद्धतीत सोडियम, अशा तपासणीच्या आकड्यांवरून तो निघतो. 6 ते 40 अशी त्याची मोजपट्टी आहे. खाज, थकवा, पोटातलं पाणी, बिघडलेली झोप, यांतलं काहीही त्यात मोजलं जात नाही. म्हणून "स्कोअर तर तेवढाच आहे, मग यांना एवढा त्रास का?" असं कुणी म्हटलं तर समजून घ्या, त्रास खराच आहे. स्कोअर तेवढाच राहून माणूस खंगत जाऊ शकतो. त्याला थांबवणं हे आपलं काम.

आता खाणं. यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना मी पाहतो, आणि तेही माया करणाऱ्या माणसांच्या हातून.

डाळ-पनीर बंद करू नका. गुंगी येते म्हणून प्रथिनं बंद करायची, ही जुनी पद्धत होती आणि ती आता सोडून दिलेली आहे. रक्तातला अमोनिया काढून टाकण्याचं काम यकृताबरोबर स्नायूही करतात. प्रथिनं तोडली की स्नायू झिजतात आणि गुंगी उलट वाढते. पोटातलं आणि पायातलं पाणी वजा करून जे वजन उरेल, त्याच्या दर किलोला 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं रोज लागतात. ते वजन 60 किलो धरलं तर दिवसाला 72 ते 90 ग्रॅम. आपल्या रोजच्या वरण-भात-भाजी-पोळीत एवढी निघत नाहीत, ती आवर्जून घालावी लागतात. शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, पेलाभर दुधात सहा-सात, एका अंड्यात सहा, मुगाच्या घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात. सातूचं पीठ, बिनमिठाचे फुटाणे, घट्ट दही हे सगळं चालतं. दुधातली आणि डाळींतली प्रथिनं या रुग्णांना चांगली मानवतात.

दुसरी गोष्ट वेळेची. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवतं. सिरॉसिसमध्ये हा साठा फार कमी होतो, म्हणून रात्री आठला जेवून सकाळी नऊला पोहे खाणाऱ्या या माणसाच्या शरीराची अवस्था दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या निरोगी माणसासारखी होते, आणि शरीर स्नायू मोडून भूक भागवतं. उपाय साधा आहे. झोपण्याआधी पुन्हा काहीतरी खायला द्या: दूध आणि दोन पोळ्या, दुधातला दलिया, किंवा केळं आणि सातू. या खाण्यातून साधारण 50 ग्रॅम कर्बोदकं मिळायला हवीत. सकाळी उठल्या उठल्याही थोडं पोटात जाऊ द्या. मधुमेह आहे म्हणून हे टाळू नका. त्याप्रमाणे इन्सुलिनची वेळ आणि मात्रा डॉक्टरांकडून बसवून घ्या. एक लक्षात असू द्या, या आजारात लाल पेशी लवकर नष्ट होतात म्हणून एचबीए1सी (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) खोटा कमी येऊ शकतो. घरच्या ग्लुकोमीटरच्या नोंदी जास्त खऱ्या.

आणि उपास बंद. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, कुठलाच नको. त्यांच्या वाटचा उपास घरातल्या दुसऱ्या कुणी धरावा. ताई, तुम्हीही स्वतः निर्जळी वगैरे करू नका, तुम्हाला रात्री-अपरात्री जागायचं असतं.

तिसरी गोष्ट मीठ, कारण पोटातलं पाणी त्याने वाढतं. दिवसाला सगळं धरून पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, एवढीच मर्यादा. इंदुरात हे पाळणं किती अवघड आहे ते मला माहीत आहे. घरी भाजीत मीठ कमी घातलेलं असतं, आणि सकाळी कोपऱ्यावरून आलेल्या पोह्यांवर शेव आणि वर जीरावन. त्या एका प्लेटमध्ये दिवसाच्या मिठाचा मोठा वाटा निघून जातो. पोहे घरीच करा, शेवेऐवजी डाळिंबाचे दाणे आणि बारीक कांदा, जीरावनऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि लिंबू. लोणचं, पापड, कचोरी, बाजारातलं ताक, खारे शेंगदाणे बंद. माझ्या रुग्णांच्या घरी मी सांगतो की सकाळी एका लहान डबीत दिवसाचं मीठ मोजून काढून ठेवा आणि त्यांच्या ताटातल्या पदार्थांना त्यातूनच घाला. डबी संपली की संपली. ॲसिडिटीसाठी फसफसणारी पावडर घेत असतील तर तीही बंद, तिच्यात सोडियम भरपूर असतं. आणि "लो सोडियम" म्हणून मिळणारं मीठ अजिबात आणू नका. त्यात पोटॅशियम असतं, आणि पाण्याच्या गोळ्यांपैकी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

पण अळणी म्हणून ते जेवेनासेच झाले, तर मी मिठाची दोरी थोडी सैल सोडतो आणि जेवण चालू ठेवतो. पोटातलं पाणी सुई घालून काढता येतं, गेलेले स्नायू परत आणणं फार कठीण. पिण्याचं पाणी सरसकट तोडू नका. सोडियम 125 च्या खाली गेलं तरच सहसा ते कमी करायला सांगतात.

रोज सकाळी लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर वजन करा. पाण्याच्या गोळ्यांनी वजन हळूहळू उतरायला हवं. पायाला सूज नसेल तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा जास्त उतरू नये, नाहीतर किडनीवर ताण येतो. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो चढलं तर डॉक्टरांना कळवा. पोट तट्ट होऊन श्वास लागत असेल तर पाणी काढून घेण्यात काही वाईट नाही. पाच लिटरच्या वर काढलं तर सोबत अल्ब्युमिनचं (रक्तातल्या एका प्रथिनाचं) सलाइन द्यावं लागतं, दर लिटरमागे सहा ते आठ ग्रॅम. ते देणार आहेत ना, एवढं विचारा.

आता चिडचिड आणि उलटी झोप. ताई, हा त्यांचा स्वभाव बदललेला नाही. आतड्यातून येणारा अमोनिया आणि इतर द्रव्यं यकृत गाळू शकत नाही, ती मेंदूपर्यंत पोचतात. दिवस-रात्रीची उलटापालट हे त्याचं अगदी सुरुवातीचं लक्षण असतं, आणि विसरणं, एकाएकी संतापणं हे त्याच्या पुढचं. त्या वेळी वाद घालून, आठवण करून देऊन काही साधत नाही. दुसऱ्या दिवशी "काल तू असं बोललास" म्हणून हिशेब मांडू नका, मुलांनाही हे समजावून सांगा.

यावर मुख्य औषध लॅक्टुलोज सिरप. लोक ते बद्धकोष्ठाचं औषध समजतात आणि शौचाला साफ झालं की बंद करतात, नेमकी तिथेच गाडी घसरते. दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौचाला व्हायला हवं, त्या मापाने मात्रा कमी-जास्त करायची, आणि ही मोकळीक डॉक्टरांकडून आधीच मागून घ्यायची. चार-पाच वेळा पाण्यासारखं होत असेल तर तेही वाईट, अंगातलं पाणी जाऊन गुंगी वाढते. त्याने भागत नसेल तर जोडीला रिफॅक्झिमिन (आतड्यातल्या जंतूंवरची गोळी) देतात.

मी घरच्यांना एक वही ठेवायला सांगतो. रोज सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने तारीख, वार, वजन, कालची शौचाची संख्या आणि एक ओळ काहीही लिहायचं, खाली सही. अक्षर वेडंवाकडं व्हायला लागलं, ओळ खाली उतरायला लागली, वार चुकला, तर माणूस बरळायला लागण्याच्या एक-दोन दिवस आधीच तुम्हाला सुगावा लागतो. मग दोन्ही हात पुढे करून, बोटं पसरून, मनगटं मागे वाकवून धरायला सांगा. हात राहून राहून फडफडल्यासारखे खाली पडत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. गुंगीमागे नेहमी काहीतरी कारण असतं, बद्धकोष्ठ, ताप, आतून रक्तस्राव, पाण्याच्या गोळ्या जास्त होणं, झोपेची गोळी. ते कारण शोधलं तरच ती उतरते. स्कूटर, गाडी त्यांच्या हातात नको, अगदी राजवाड्यापर्यंतसुद्धा. दिवसा उन्हात अर्धा तास बसवा, फिरवा, दुपारची झोप छोटी ठेवा.

फिरण्यावरून आठवलं. थकवा आहे म्हणून पलंगावर झोपवून ठेवू नका. जेवढं झेपेल तेवढं रोज चालणं, आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून पाच वेळा उठणं-बसणं. प्रत्यारोपणाच्या तपासणीत ताकद मोजताना ही उठबस खरोखरच घड्याळ लावून मोजतात. अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतील तर जड वजन उचलायचं नाही.

खाजेसाठी कोमट पाणी, अंघोळीनंतर लगेच ओल्या अंगावर खोबरेल किंवा साधं मॉइश्चरायझर, नखं कापलेली, रात्री सुती कपडे. त्याने न भागल्यास कोलेस्टिरामिनची पावडर देतात. ती बाकीच्या औषधांनाही धरून ठेवते, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा. त्यानंतरच्या पायरीची औषधंही आहेत, पण ती तज्ज्ञाच्या नजरेखाली. खाजेची साधी गुंगी आणणारी गोळी मात्र मेडिकलवरून आणून देऊ नका. मधुमेही माणसात खाजेला किडनी, थायरॉइड किंवा चक्क खरूज हेही कारण असू शकतं, तेव्हा एकदा कातडी नीट पाहून घ्या. पायात गोळे येत असतील तर पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून पाण्याच्या गोळ्यांचा विचार करावा लागतो.

मेडिकलवरून सहज मिळणाऱ्या औषधांबद्दल मी फार कडक आहे. अंगदुखी, डोकेदुखी, तापाला डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड यांतलं काहीही नाही. किडनी बंद पडायला आणि रक्तस्राव व्हायला यातली दोन-चार गोळ्यांची पट्टी पुरते. पाठदुखीच्या मिश्र गोळ्यांत ही लपलेली असतात, पाकिटावरचं बारीक नाव वाचा. लोकांना वाटतं त्याच्या उलट, पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आत, म्हणजे 500 च्या चार गोळ्यांपर्यंत, या रुग्णांना त्यातल्या त्यात सुरक्षित आहे. झोपेसाठी अल्प्राझोलाम नाही. आणि काढे नाहीत. कोरोनाच्या काळात गुळवेल घेऊन यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवले, नंतर इतर शहरांतूनही तेच समोर आलं. कुणी प्रेमाने आणून दिलं तर घ्या, आभार माना आणि कपाटात ठेवून द्या.

ताबडतोब रुग्णालयात जायचं ते केव्हा, हे फ्रिजवर लिहून लावा. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी. ताप, किंवा पोटात पाणी असताना पोट दुखणं, कारण ते पाणी संसर्ग होऊन बिघडू शकतं आणि वेळेत इंजेक्शनं मिळाली नाहीत तर जीवावर बेततं. माणूस उठवून उठत नाही. दिवसभरात लघवी अगदी थोडी. बेंबीची गाठ लाल होऊन दुखते किंवा तिथून पाणी झिरपतं. अशा वेळी मुंबईच्या फोनची वाट पाहू नका, इंदुरातच जवळच्या, रात्री एंडोस्कोपीची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि मग मुंबईला कळवा.

थोडक्यात, भरपूर प्रथिनं, रात्रीचं खाणं, मोजलेलं मीठ, दोन-तीन वेळा शौच, रोजची वही, आणि दुकानातली गोळी नाही. एवढं सांभाळलंत तर शरीराच्या बाजूचं बरंच काम झालं.

मनाच्या बाजूला एक गोष्ट रुग्ण उघड बोलत नाहीत, पण खोलीत एकटे असले की विचारतात: "डॉक्टर, म्हणजे मी कुणाच्या तरी मरणाची वाट बघतोय का?" यजमानांच्याही मनात हे असेल. त्यांना सांगा, तो माणूस त्यांच्यासाठी मरत नाही. मेंदूमृत्यू चार डॉक्टरांचं मंडळ किमान 6 तासांच्या अंतराने दोनदा तपासून जाहीर करतं, आणि त्यानंतर घरचे ठरवतात. ते हो म्हणाले नाहीत तर ते यकृत वाया जातं, एवढंच. आपल्या इंदुरात 2015 मध्ये पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला. तेव्हापासून विमानतळाकडे जाणारे रस्ते थांबवून इथून बाहेरगावी किती तरी अवयव गेले. त्यातल्या प्रत्येकामागे इथल्या एका घरानं दुःखाच्या तासाला दिलेला होकार होता. त्या होकाराला आपण पात्र राहावं म्हणून जेवायचं आणि चालायचं, असं एका रुग्णाने मला सांगितलं होतं, आणि ते मला मनापासून पटलं.

दारू न पिता सिरॉसिस झाला म्हणून लोक संशयाने विचारतात, त्याने तुमचं मन दुखतं हे दिसतंय. मधुमेह आणि वाढलेल्या चरबीमुळे होणारा सिरॉसिस आता मोठ्या प्रमाणावर दिसतो. प्रत्येकाला खुलासा देत बसू नका. खरं तर ज्याने दारू प्यायली त्यालाही उपचार आणि मायेचा तेवढाच हक्क आहे. भेटायला येणाऱ्यांसाठी घरातला एक जण नेमा, तोच सगळ्यांना माहिती देईल. फोनचंही तसंच. कोऑर्डिनेटरच्या नंबरला वेगळी रिंगटोन लावा, म्हणजे दुधवाल्याच्या फोनला छातीत धडधडणार नाही. तोच निरोप मुलाच्या आणि दिरांच्याही नंबरवर येईल अशी नोंद करून ठेवा. कधी कधी बोलावणं येतं, तुम्ही मुंबईला पोचता, आणि दात्याचं यकृत ऐन वेळी अयोग्य ठरल्याने परत यावं लागतं. हे घडू शकतं असं आधीच सगळ्यांना सांगून ठेवा.

आणि एक अवघड बोलणं, ते शुद्धीत आणि प्रसन्न असतील अशा सकाळी करा. तब्येत फारच ढासळली तर त्यांना काय हवंय आणि काय नकोय, बँकेचे कागद कुठे आहेत, कुणाशी काय बोलायचं राहिलंय. असं बोलल्याने आशा सोडल्यासारखं होत नाही. मी पाहिलंय की हे बोलून झाल्यावर घरातली माणसं नीट झोपायला लागतात. तुम्हाला स्वतःला सतत रडू येत असेल, जेवण जात नसेल, तर तुमच्यासाठीही डॉक्टरांची वेळ घ्या.

तयारी म्हणून एक फाइल, तिच्या सगळ्या पानांचे मोबाइलवर फोटो, आठ दिवसांची औषधं आणि चार्जर एका बॅगेत. हिपॅटायटिस ए, बी, न्युमोनिया, फ्लू यांच्या लसी टीमला विचारून आत्ताच उरका, दातांची तपासणीही करून घ्या. किडलेल्या दाताचा संसर्ग ऑपरेशन पुढे ढकलायला लावतो. दर सहा महिन्यांची सोनोग्राफी चुकवू नका, ती यकृतात गाठ होतेय का हे पाहण्यासाठी असते. पैशासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाला भेटा. प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी आणि मध्य प्रदेशचं मुख्यमंत्री स्वेच्छानुदान यांचे अर्ज आधी भरावे लागतात, ऐन वेळी ते हाती लागत नाहीत.

शेवटचं दिरांबद्दल, आणि माझ्या मते तुमच्या प्रश्नातली सगळ्यात आशेची गोष्ट हीच आहे. फॅटी लिव्हर म्हणून नाकारलेला दाता बहुतेक वेळा कायमचा नाकारलेला नसतो. वजन उतरवलं, गोड, तळलेलं आणि दारू सोडली, रोज घाम येईल असं चाललं, तर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत यकृतातली चरबी इतकी उतरते की पुन्हा तपासणी करून त्यांना घेता येतं. मुंबईच्या टीमला नेमकं विचारा, चरबी किती टक्के होती, किती किलो कमी करायचं, आणि पुन्हा तपासणी कधी करायची. कायद्याने नवरा-बायको, आईवडील, मुलं, भाऊ-बहीण, आजी-आजोबा, नातवंडं हे जवळचे नातेवाईक म्हणून देऊ शकतात. कायद्याच्या दृष्टीने तुम्हीही त्यात येता. रक्तगट जुळत नसेल तर दोन कुटुंबांत अदलाबदल करण्याचीही कायदेशीर सोय आहे. मात्र निरोगी माणसाच्या पोटावर मोठं ऑपरेशन करायचं असतं. उजवा भाग देताना दात्याच्या जिवाला हजारात साधारण दोन ते पाच एवढा धोका सांगितला जातो, तो दिरांना आणि जावेला समोर बसून कळायला हवा. सासूबाईंनी गळ घालू नये, तुम्हीही नाही. टीम त्यांना एकट्याला भेटून विचारते, आणि ऑपरेशनच्या टेबलापर्यंत कधीही नाही म्हणायचा त्यांना अधिकार आहे. ते वजन उतरवत असताना यादीतलं नाव काढायची गरज नाही, दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू ठेवता येतात. फक्त दोन्हीकडचे ताजे रिपोर्ट एकाच कोऑर्डिनेटरकडे जात राहतील एवढं बघा.